पायथा आठ मीटरवर

"मावशी, बेन लोमंडचा डोंगर ९७४ मीटर आहे, जमेल ना?" भाच्यानं स्कॉटलंडातल्या ग्लासगोहून फोनवर विचारलं तेव्हा मला हसूच आलं. आमचा सिंहगड १३१२ मीटर. तो तर आम्ही पिठलं-भाकरी खायला चढतो. कळसूबाई १६४६, आणि ती मी तीनदा केलेली. शिखर हजारही भरत नाही आणि हा जमेल ना म्हणून विचारतोय! "तू तुझे गुडघे सांभाळ," असं सांगून मी फोन ठेवला आणि बॅगेत गुडघ्याचे पट्टे न घेता विमानात बसले.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून बॅलखची लोकल पकडली की पाऊण-एक तासात लॉख लोमंडच्या दक्षिण टोकाला पोचता येतं. 'लॉख' म्हणजे सरोवर. इंग्रज त्याला 'लॉक' म्हणतात आणि स्कॉटिश माणसाच्या कपाळाला आठी पडते. आपला 'ख' अगदी तंतोतंत बसत नाही, पण चालून जातो. मी तो पहिल्याच दिवशी तिकीट तपासनिसावर वापरून पाहिला. तो खूष झाला.

बॅलखच्या आधी रेंटन, अलेक्झांड्रिया अशी लहान स्टेशनं लागतात. खिडकीतून बघण्यासारखं काही नाही म्हणून लोक मोबाइलमध्ये असतात. पण एकोणिसाव्या शतकात या लेव्हन नदीच्या खोऱ्यात कापड रंगवण्याचे मोठे कारखाने होते. सरोवरातून निघणाऱ्या या नदीचं मुबलक, स्वच्छ पाणी हे त्याचं कारण. 'टर्की रेड' नावाचा पक्का तांबडा रंग ही त्यांची खासियत. आधी तो मंजिष्ठेच्या भाऊबंदातल्या झाडाच्या मुळांपासून काढत, पुढे रसायनांतून. त्या तांबड्या कापडावर मोर छापून ते गठ्ठ्यांनी हिंदुस्थानात पाठवलं जाई. आपल्याकडच्या कुणाच्या तरी पणजीच्या अंगावर लॉख लोमंडच्या पाण्यात धुतलेलं कापड असणार, असा हिशोब मी करत बसले आणि भाचा म्हणाला, "मावशी, उतरायचंय."

लॉख लोमंड आणि ट्रॉसॅक्स हे स्कॉटलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, २००२ सालचं. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे फाटक, पावती आणि खाकी कपड्यातला माणूस आला होता. इथे फाटक नाही. उद्यानात गावं आहेत, शाळा आहेत, मेंढ्या आहेत. २००३ च्या कायद्यानं कुणालाही नीट वागण्याच्या अटीवर जवळपास कुठल्याही डोंगरावरून, माळावरून चालायचा हक्क दिला आहे, मग जमीन कुणाच्याही मालकीची असो. तंबू ठोकायला मात्र सरोवराच्या काठी बऱ्याच ठिकाणी मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. लोक दारू पिऊन काठाची पार रया घालवत होते म्हणे. हे वाचून मला उगाच घरच्यासारखं वाटलं.

पहिला थांबा बाल्माहा. धक्क्याजवळ टॉम वीअर या गिर्यारोहकाचा पुतळा आहे, डोक्यावर लोकरी टोपी, चेहऱ्यावर हसू. १९५० साली हा माणूस स्कॉटिश मोहिमेबरोबर गढवालच्या हिमालयात येऊन गेला होता. मी त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि आम्ही कॉनिक हिलला लागलो. इंग्रजी 'कॉनिक' म्हणजे शंकूसारखं, म्हणून नावावरून सुळका वाटतो, पण गेलिक या इथल्या जुन्या भाषेतला मूळ शब्द शेवाळाचा आहे. उंची ३६१ मीटर. तासाभरात माथा आला आणि मी भाच्याकडे 'बघ!' अशा नजरेनं पाहिलं.

खरं तर बघायचं समोर होतं. स्कॉटलंडला तिरकं कापत गेलेली हायलँडची, म्हणजे डोंगराळ मुलखाच्या सीमेची, प्रस्तरभंगरेषा (जमिनीतली मोठी भेग) नेमकी या टेकडीवरून जाते आणि खाली सरोवरात उतरते. पाण्यात बेटं एका ओळीत मांडलेली: इंचकॅलख, टॉरिंच, क्रिंच, इंचमरिन. कुणी दोरी धरून ठेवावीत तशी. ओळीच्या डावीकडे हिरवी, सपाट शेतं, उजवीकडे एकदम डोंगर. सरोवरही तसंच, दक्षिणेला पसरट आणि उथळ, उत्तरेला अरुंद आणि खोल. पायाखालचा खडक बघून तर मला भूक लागली. गोल गोटे घट्ट बसवलेला, हुबेहूब शेंगदाण्याची चिक्की. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या माणसाला असला दगड दगडच वाटत नाही.

इंचकॅलखवर होडीनं जाऊन आलो. नावाचा अर्थ म्हातारीचं बेट किंवा जोगिणीचं बेट. ओकच्या झाडांखाली जांभळट निळ्या ब्लूबेलचा शेवटचा बहर आणि मॅकग्रेगर कुळातल्या लोकांच्या जुन्या थडग्यांचं छोटं दफनस्थान. तिथे अर्धा तास बसलो, बोललो नाही.

बाल्माहाच्या पुढे बस नाही. रोवर्डेननपर्यंत अकरा-बारा किलोमीटर काठाकाठानं चालत गेलो. ही वेस्ट हायलँड वेची वाट. मिल्नगाव्हीपासून, ज्याचा उच्चार 'मलगाय' आहे हे भाच्यानं मला तीनदा सांगितलं, फोर्ट विल्यमपर्यंत १५४ किलोमीटर. पाठीवर बिऱ्हाड घेतलेले लोक भेटत होते आणि प्रत्येक जण 'हाय' म्हणत होता. सूर्य पावणेदहापर्यंत मावळत नाही, त्यामुळे घाई कसली नव्हती. वारा पडला तेव्हा मात्र चिलटं आली. त्यांना इथे 'मिज' म्हणतात. डोळ्याला धड दिसत नाहीत आणि चावतात अशी की केसांच्या मुळाशी आग होते. भाचा म्हणाला, ही तर सुरुवात आहे, जुलैत ये. मी म्हटलं, नको.

युथ हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मुगाची खिचडी लावली. शेजारच्या शेगडीवर एक जर्मन मुलगी पास्ता करत होती. तिला हिंग काय असतो ते समजावणं अवघड गेलं. वास मात्र तिला समजला. ती खिडकीपाशी जाऊन जेवली.

सकाळी साडेनऊला बेन लोमंडची वाट धरली. पायथ्याशी हातातल्या कड्यासारखं गोल, दगडी स्मारक आहे. देशासाठी प्राण दिलेल्यांच्या स्मरणार्थ १९९५ मध्ये हा डोंगरच अर्पण केलेला आहे. म्हणजे अख्खा डोंगर एक वीरगळ. ही कल्पना मला आवडली. पुढे जंगल, मग लाकडी फाटक, मग उघडा माळ. हेदर अजून फुललेलं नव्हतं, ते ऑगस्टात. आता नुसती तपकिरी झुडपं, मधून नेच्यांची कोवळी, वळलेली बोटं. वाट दगड रोवून नीट बांधलेली, पाणी बाजूला काढायला आडव्या चऱ्या. आपल्या गडांवर एवढं झालं तर मी आणखी काही मागणार नाही.

तासाभरानं मी भाच्याला विचारलं, "निम्मं झालं?"

"नाही गं. तिसरा हिस्सा."

"असं कसं? सगळा डोंगर ९७४ चा!"

तो थांबला, पाण्याची बाटली काढली आणि शांतपणे म्हणाला, "मावशी, हे सरोवर समुद्रसपाटीपासून आठ मीटरवर आहे. आठ."

आता डोक्यात प्रकाश पडला. पुणंच मुळात साडेपाचशे मीटरवर वसलेलं. सिंहगडाचे १३१२ आम्ही मिरवतो, पण त्यातले निम्मे आपले पूर्वज घर बांधतानाच चढून बसलेत. इथे पाण्यातून पाय काढायचा आणि थेट सगळे मीटर मोजायचे. म्हणजे बारी गावाकडून कळसूबाई चढण्याच्या तोडीचं काम, वर उलट्या दिशेनं येणारा वारा. पट्टे न आणलेला माझा उजवा गुडघा तेवढ्यात बोलायला लागला.

स्कॉटलंडात ३००० फुटांवरच्या अशा डोंगरांना 'मन्रो' म्हणतात. ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थानं १८९१ मध्ये त्यांची यादी छापली. आज ती २८२ ची आहे आणि सगळे करायचेच असा पण करून लोक आयुष्य काढतात. त्यातला सगळ्यात दक्षिणेकडचा हा. वाटेत भेटलेल्या एका आजोबांनी सांगितलं की त्यांचे २७९ झालेत, उरलेले तीन मुद्दाम ठेवलेत. का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा कुत्रा माझ्याकडे बघत होता.

सातशे मीटरच्या वर ढगात शिरलो. शेवटची नागमोडी वळणं आणि कण्यासारखी धार नुसती अंदाजानं. डाव्या बाजूची वाट सोडू नका, उजवीकडे कडा आहे, असं सगळे बजावत होते. सव्वा वाजता माथा आला. मी सवयीनं दरवाजा शोधला, टाकं शोधलं, निदान शेंदूर लावलेला एखादा दगड. काही नाही. सर्वेक्षणवाल्यांचा सिमेंटचा एक खांब, बस्स. ना गड, ना देव, ना लिंबू-सरबतवाला. वारा असा की बोललेलं तोंडातच राही. आम्ही खांबाच्या आडोशाला बसून दशमी आणि लसणाची चटणी खाल्ली. भाच्यानं काढलेला फोटो पावसाळ्यात राजगडाच्या बालेकिल्ल्यावर काढलाय म्हणून सहज खपला असता, आणि नंतर घरच्या ग्रुपवर तसाच खपलाही.

टार्मिगनच्या खडकाळ सोंडेवरून उतरायचा त्याचा बेत होता. या ढगात मी नाही म्हटलं. तो जरा रुसला. आल्या वाटेनं खाली सहाशे मीटरवर आलो आणि ढगाचं छत डोक्यावर राहिलं. खाली पूर्ण सरोवर, कालची बेटांची ओळ, तिच्या टोकाशी बोटभर कॉनिक हिल. मी गुडघा धरून दगडावर बसले. कुणी उठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी इनव्हरस्नेडपर्यंत अकरा किलोमीटर. कागदावर सपाट, प्रत्यक्षात मुळं, ओले दगड आणि चढउतार. वाटेत आधी उग्र वास आला, मग रानबोकड दिसले. हा मुलूख रॉब रॉय मॅकग्रेगरचा. गुरं चोरीला जाऊ नयेत म्हणून गुरांच्या मालकांनी आधीच पैसे द्यायचे, असा त्याचा व्यवसाय. 'ब्लॅकमेल' हा शब्द स्कॉटलंडातल्या असल्याच वसुलीतून आलेला. मी भाच्याला म्हटलं, आपल्याकडे याला चौथाई म्हणत, आणि त्याच्या पावत्या मिळत.

इनव्हरस्नेडच्या धबधब्यापासून बोटीनं पलीकडे टारबेटला उतरलो. टारबेट म्हणजे होड्या ओढून नेण्याची जागा. १२६३ मध्ये व्हायकिंगांनी समुद्राच्या खाडीतून आपली जहाजं या चिंचोळ्या पट्टीवरून ओढत सरोवरात आणली होती. आम्ही स्टेशनपर्यंतचा चढ स्वतःला ओढत पार केला.

फलाटावर बाकावर बसून भाचा शेवटचा बेसनलाडू खात होता. समोरच्या रुळांकडे बोट दाखवून म्हणाला, "हीच गाडी उलट्या बाजूला फोर्ट विल्यमला जाते. पुढच्या वर्षी बेन नेव्हिस करू या. १३४५."

मी विचारलं, "पायथा किती वर?"

त्यानं लाडू संपवला, हात झटकले.

"समुद्राच्या काठावर, मावशी."