अन् सारवते कोन?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या कॉलेजच्या आवारात कुत्रंसुद्धा हलत नाही. परीक्षा आटोपलेल्या, पारा 46 च्या आसपास, आणि स्टाफरूमचा कूलर पाण्याअभावी नुसतीच गरम हवा फेकतो. पेपर तपासायचे सोडून मी खिडकीशी उभा होतो, तर लायब्ररीच्या रस्त्यावरून एक मुलगी उलटी चालत येताना दिसली. पाठ आमच्याकडे, तोंड लायब्ररीकडे, डोक्यातोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, एका हातात कागद. दोन-तीन पावलं मागे टाकली की दुसरा हात बाजूला पसरून ती कुणाला तरी काहीतरी दाखवायची. समोर चिटपाखरू नव्हतं.

उलट्या पावलांच्या बायांबद्दल आमच्या गावाकडं जे सांगतात, ते सगळं मला आठवून गेलं. त्यांची वेळही भर दुपारचीच असते. पण ही बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची निघाली. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची कमिटी यायची आहे. सातव्या निकषात पर्यावरण, पाणी, ऊर्जा असं सगळं येतं, म्हणून पाहुण्यांना पायी फिरवून आवारातल्या पर्यावरणपूरक गोष्टी दाखवायचं ठरलंय आणि गाइड म्हणून हिची निवड झालीय. तिची तालीम चालली होती.

"पण उलटी कायले चालतं बाई? पडशील ना."

"सर, यूट्यूबवर पाह्यलं. तिकडचे गाइड असेच चालतात. पाहुण्यांकडे पाठ नाही करत."

हे मात्र खरं आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांत नव्या पोरांना आवार दाखवणारे विद्यार्थी उलटे चालत बोलतात. ते त्यांच्या अंगवळणीच पडलेलं असतं. त्यातही आता नुसतं वसतिगृह आणि मैदान दाखवून भागत नाही, 'हरित' इमारतींची वेगळी फेरी असते. ओहायो राज्यात ओबर्लिन म्हणून कॉलेज आहे. तिथे 2000 साली उघडलेल्या एका इमारतीत संडासाचं पाणी झाडांनी भरलेल्या काचघरातून फिरवून साफ करतात आणि पुन्हा संडासालाच वापरतात. पाहुणे ते काचघर बघायला थांबतात. आमच्याकडे न्हाणीचं पाणी मागच्या अळू-केळीला जायचं, पण ते बघायला कधी कुणी थांबल्याचं ऐकिवात नाही. घरात आलेला पाहुणा उलट त्या बाजूला जाऊ नये याचीच खटपट असायची.

तिच्या कागदावरचा मार्ग मी वाचला. फाटक, नावाच्या पाट्या ठोकलेली झाडं (बुंध्यांना गेरू आणि चुना ताजा), मग गच्चीवरचे सोलर, राखेच्या विटांची लायब्ररी, पावसाच्या पाण्याची टाकी, शेवटी गांडूळ खताचे हौद आणि तिथेच चहा. गांडूळ आणि चहा शेजारी ठेवण्यामागे कुणाचं डोकं आहे, हे मी विचारलं नाही.

लायब्ररीपाशी तिने थोडी फेकाफेक केली होती, "स्थानिक साहित्य" वगैरे. विटा चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या राखेच्या. दगडी कोळसा जळतो, राख उरते, ती कुठेतरी घालायची म्हणून विटांत घालायची, ही कल्पना चांगलीच आहे. गावची सुपीक माती तरी भट्टीत जात नाही. पण स्थानिक म्हणजे किती स्थानिक? राखेच्या वापराचा सरकारी नियम 1999 मध्ये निघाला, तेव्हा तो वीजकेंद्रापासून 50 किलोमीटरच्या टापूपुरता होता. मग 100 झाला, 2016 मध्ये 300. गांधीजींनी जानेवारी 1937 च्या 'हरिजन'मध्ये आदर्श खेड्यातल्या घरांसाठी पाच मैलांची हद्द सांगितली होती. पाच मैलांच्या आत मिळेल त्याच सामानाचं घर. तेव्हा ते इथेच राहत होते, आमच्याच जिल्ह्यात, शेगावला. शेगाव म्हणजे गजानन महाराजांचं नव्हे, वर्ध्याजवळचं. दोन शेगावांच्या घोळात टपाल भलतीकडेच जायचं, म्हणून 1940 मध्ये त्याचं सेवाग्राम केलं. पोस्टाच्या सोयीसाठी गावाचं बारसं झालं आणि ते नाव जगभर गेलं, याची मला लहानपणापासून फार गंमत वाटते.

ती उलटी चालत पुढे (म्हणजे मागे) निघाली आणि मला आमची आजी आठवली.

सेवाग्रामला आजी एकदाच आली. वर्ध्यात कुणाचं तरी लग्न होतं, गाडी केलेली होती, आणि दुपारचं जेवण व्हायला वेळ होता, म्हणून सगळे आश्रमात. मी चौथी-पाचवीत असेन. आम्हा पोट्ट्यांना तिथे दोनच गोष्टी आवडल्या. एक, साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पकडलेला साप दूर सोडण्यासाठीचा पिंजरा. दुसरी, व्हाइसरॉयशी बोलायला बसवलेला टेलिफोन. आम्ही चिमटा कसा चालत असेल यावर वाद घालत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ मोठ्यांना बापू कुटी समजावून सांगू लागले. भिंती मातीच्या, वर कवेलू (म्हणजे कौलं), लाकूड-बांबू इथलाच. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी उठावात काढलेली झाडं. बसायची जागा, पाहुण्यांची जागा, आजाऱ्याची जागा. पुढे केव्हातरी कळलं की 1978 मध्ये इव्हान इलिच नावाचा मोठा विचारवंत याच कुटीत बसून भारावला होता आणि घर कशाला म्हणावं यावर बोलला होता.

आजी भारावली नाही. तिने भिंतीवरून हात फिरवला, वर कवेलूंकडे पाहिलं आणि शेजारच्या आत्याला म्हणाली, "आपल्याच घरासारखं तं हाय हे. याच्यासाठी गाडी थांबोली?" मग त्या गृहस्थांकडे वळून, डोक्यावरचा पदर सारखा करत विचारलं, "अन् भाऊ, सारवते कोन?"

"आश्रमातलेच लोक, आजी."

"म्हंजे बायाच."

ते हसले. खरं तर त्या आश्रमापुरतं आजीचं म्हणणं बरोबर नव्हतं. तिथे संडाससफाईपासून सगळी कामं पुरुषांनाही चुकत नव्हती, आणि त्यावरून किती रुसवेफुगवे झाले असतील ते त्या भिंतींनाच ठाऊक. पण आजी आश्रमाबद्दल विचारतच नव्हती.

आमच्या गावच्या घराच्या भिंती पांढरीच्या मातीच्या. स्वयंपाकघरामागचा आडोसा कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या कुडाचा, दोन्हीकडून लिंपलेला. काळ्या मातीत घर टिकत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भिंत घेऊन बसते. म्हणून गावठाण पांढरीवर. हे कुणाला शिकवावं लागायचं नाही. सारवायचं मात्र रोजचं होतं. पहाटे गोठ्यातलं ताजं शेण, त्यात पाणी आणि चिमूटभर माती, आणि ते इतकं पातळ की हाताच्या मागे नुसता रंग उरावा. आजी आतल्या कोपऱ्यात उकिडवी बसून सुरुवात करायची. उजवा पंजा अर्धगोल फिरायचा, चार बोटांच्या चार रेघा, त्यावर पुढचा अर्धगोल. ओल्यावर पाय पडू नये म्हणून ती दाराकडे मागे मागे सरकत यायची. मान खाली, पाठ दाराकडे. उंबऱ्याशी पोचली की पाठीमागे हात नेऊन बादली बाहेर काढायची आणि मगच कंबर सरळ करायची. आम्ही पोरं उंबऱ्याबाहेर एका पायावर उभी. घोंगडं, पाटी, दप्तर सगळं आत अडकलेलं, आणि वाळेपर्यंत आत गेला त्याची धडगत नाही.

मृगाआधी कवेलू फेरायचे. तो माणूस वर चढला की एकेक कवेलू उचलून आपटून बघायचा, फुटका आवाज आला की खाली. वासे किडलेले निघायचे, खाली विंचू निघायचे. आणि हे सगळं निगुतीनं करून माणूस खाली उतरतो न उतरतो, तोच वानरांची टोळी आंब्यावरून घरावर. विदर्भातल्या कवेलूंच्या घराचा खरा शत्रू पाऊस नाही, वानर आहे. तुम्ही गावाकडचे असाल तर रात्री पाऊस सुरू झाल्यावर गळक्या जागा ओळखून भांडी मांडण्याचा क्रम अजूनही पाठ असेल. आमच्याकडे पहिला मान परातीचा होता.

काकांनी पुढे मागची दोन दालनं पाडून स्लॅब टाकला. पहिल्याच उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापला. रात्री दहापर्यंत आत पाय ठेववत नव्हता. पुण्याहून आलेल्या आत्येभावाने आजीला विचारलं, मातीचंच घर बरं होतं ना? थंड राहायचं ना? तो तेव्हा आर्किटेक्चर शिकत होता आणि त्याला होकार हवा होता.

आजी म्हणाली, "तपते तं तपू दे. गळत तं नाई."

आणि बाज अंगणात टाकून झोपली.

तेव्हापासून मला ही खोड लागलीय. कुठलीही इमारत कुणी कौतुकाने दाखवू लागलं की मी हळूच मागच्या बाजूला जातो. पुढच्या बाजूला काय वाचवलं ते सांगतात. वीज, पाणी, सिमेंट. मागच्या बाजूला झाडू, बादली, गंजलेली शिडी आणि ते करणारा माणूस सापडतो. एका मोठ्या शहरात एका दिमाखदार हरित इमारतीचं काचेचं तोंड दाखवत होते, उजेड कसा आत येतो वगैरे. मी मागे जाऊन त्या काचा पुसणाऱ्या पोरांचे दोर पाहत बसलो. मंडळी चहाला गेली आणि मला विसरली.

बाबा दरवर्षी अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीला जायचे. तीही आवारातली फेरीच, पण तिथली तऱ्हा वेगळी. सांगणारा सांगत राहतो आणि शेतकरी कपाशीचं बोंड फोडून दातांखाली सरकी दाबून बघतो. मग एकच प्रश्न : "खर्च किती येतो, अन् मजूर किती लागते?" बाबा परत आले की वाणाचं नाव विसरलेले असायचे, मजुरांचा आकडा नाही.

वर्ध्याजवळच दत्तपूरला विज्ञानाची कामं खेड्यासाठी करणारी एक संस्था आहे, 1976 सालची, देवेंद्रकुमारांनी उभी केलेली. त्यांनी कुंभाराच्या चाकावरचे शंकूसारखे मातीचे पेले एकात एक घालून कमानी करायच्या आणि त्यांचं छत बांधायचं तंत्र रुळवलं. वासे नकोत, लाकूड नको. असं छत मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आधी गांधी आठवले नाहीत, वासे किडले म्हणून कपाळाला हात लावणारी आजीच आठवली. कुणीतरी तिचं गाऱ्हाणं ऐकून कागदावर उतरवल्यासारखं वाटलं.

सरकारी कागदावर मात्र तिचं घर 'कच्चं'च राहिलं. मातीची भिंत, वर कवेलू म्हणजे घरकुलाला पात्र. आता पंतप्रधान आवासमध्ये सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात आणि किमान 25 चौरस मीटरचं बांधायचं. एका बाजूला शहरातली पोरं मातीचं घर बांधायला शिकायचं म्हणून फी भरून माती तुडवायला येतात, दुसऱ्या बाजूला मातीतला माणूस घरकुलाच्या यादीत नाव शोधतो. दोघंही आपापल्या जागी शहाणे आहेत. मला यात कुणाला नावं ठेवता येत नाहीत, आणि म्हणून मी मातीच्या घरांवरच्या चर्चासत्रांना जात नाही.

असो. ती मुलगी दमून पायरीवर बसली, तेव्हा मी तिला विचारलं, "गच्चीवरचे सोलर धुते कोण?"

"मामा." मामा म्हणजे आमचे शिपाई. धुळीचे दिवस आहेत, पॅनलवर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर बसतो. ते भल्या पहाटे, काच तापायच्या आत, बादली आणि लांब दांड्याचा पोछा घेऊन लोखंडी शिडीने चढतात. वानरं त्यांच्या ओळखीची झाली आहेत.

"मग तुझ्या कागदात ते कुठे आहे?"

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "सर, कुठल्या स्टॉपमध्ये टाकू? सोलरमध्ये दोन मिनिटंच दिली आहेत मॅडमनी."

"त्यांनाच उभं कर ना तिथे. तेच सांगतील."

"ते नाहीत सर त्या दिवशी. रजा टाकली त्यांनी."

संध्याकाळी मामा स्वतःच आले. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसले नाहीत, दाराला टेकून उभे. घरकुलाचा तिसरा हप्ता पडलाय, मिक्सरवाल्याला दुसरी तारीख नाही, त्यामुळे कमिटीच्याच दिवशी त्यांचा स्लॅब पडणार आहे. प्राचार्यांनी कुरकुर करून रजा दिली. काम निराळंच होतं. दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर पाणी साचवून ठेवावं लागतं, आणि गावात नळ चार दिवसांआड येतो. पावसाच्या टाकीतून रोज एक ड्रम मिळाला तर बरं होईल, साहेबांना तुम्ही म्हणून पाहा.

आता ती टाकी. मे महिन्यात तिच्यात पावसाचं पाणी कुठलं असणार? सोमवारी टँकर आला आणि ती काठोकाठ भरून गेला. पाटीवर 'पावसाचे पाणी' लिहिलंय, आणि टँकरमधलंही कधीकाळी पाऊसच होतं, त्यामुळे मी काही बोललो नाही. प्राचार्यांचा हुकूम आहे की कमिटी पाहून जाईपर्यंत त्यातला तांब्यासुद्धा हलवायचा नाही.

"कमिटी पाच वाजता जाते," मामा म्हणाले. "मी सहाले ड्रम घेऊन येतो."

विचारून पाहतो, म्हटलं.