तुम्ही विचारलंत म्हणून: विंडोज ठेवू का लिनक्स टाकू?

लातुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. येणारा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. एक, "सर, विंडोजच ठेवू का लिनक्स टाकू?" (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी फुकट प्रणाली.) आणि दुसरा, टेबलावरचा स्टीलचा कॉफी फिल्टर बघून, "चहा सोडून हे काय प्यायलाव?" दोन्हींना एकच उत्तर देतो, म्हणून जरा लांबण लागते.

आपल्याकडं कॉफी पाहुण्यांसाठी असते. कपात पावडर, साखर, दोन थेंब पाणी, पांढरं होईस्तोवर फेटायचं, वरून उकळतं दूध. ती पावडर कुणी निवडलेली नसते, किराण्यासोबत आलेली असते. विंडोजही तसंच लॅपटॉपासोबत घरात येतं. भाच्याला चालतं, झेरॉक्सवाल्या पोराला चालतं. मी नावं ठेवत नाही.

पुण्याच्या मावसभावाकडं कॅप्सूलचं मशीन आहे. बटण दाबलं की कप भरला. दिसायला देखणं, पण कॅप्सूल त्याच मापाची हवी आणि झाकण उघडून आत बघायचं नाही. ॲपलचा मॅक कॉम्प्युटरही तसाच. घरात मॅकवाले बरेच आहेत, तेव्हा इथंच थांबतो.

मी गेलो ते पार दुसऱ्या टोकाला. जेंटू नावाचं लिनक्स आहे. त्यात बहुतेक सॉफ्टवेअर सोर्स कोडापासून, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुरापासून, आपल्याच मशीनवर बांधून घेतात. एकदा रात्री ब्राउझर बांधायला लावून झोपलो आणि पहाटे लाइट गेली. त्याच दिवसांत चिकमंगळूरचे कॉफीचे कच्चे दाणे आणून गच्चीवर लोखंडी कढईत भाजले. धूर बघून शेजारच्या काकू बादली घेऊन जिना चढल्या. दाणे करपले, ब्राउझर काही झाला नाही. पुढचे चार महिने मात्र मी भेटेल त्याला दोन्ही कसं करावं ते समजावत होतो.

मग फ्रेंच प्रेस आला, म्हणजे जाळीचा दांडा असलेलं कॉफीचं काचेचं भांडं. चार मिनिटं मुरू द्यायचं, दांडा दाबायचा. सुरेख कॉफी. पण तेवढ्यात २०१६ चा उन्हाळा आला. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. घरोघरी हंडे मोजले जात होते, आणि मी एका कपासाठी काचेचं भांडं, जाळी, चकत्या धूत बसायचो. आईनं एकदाच बघितलं. "पिण्यापेक्षा धुण्यालाच जास्ती पाणी लागतंय की रे!" प्रेस माळ्यावर गेला. मी गुपचूप फेटलेल्या कॉफीवर आलो.

कॉफीचे जाणकार पाणी ९० ते ९६ अंश हवं म्हणतात, दळण जाड का बारीक यावर तासभर बोलतात. पाणी चांगलं आणि मुबलक असणार हे त्यांनी धरलेलंच असतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की महिन्याभरात किटलीत पांढरी खपली धरते. त्या क्षारांनी कॉफीची आंबूस चव मरते. दाणा कितीही महाग आणा, लागतो सपाट. लिनक्समध्ये हीच गत वाय-फायच्या ड्रायव्हरची, म्हणजे वाय-फाय चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची. कधी कधी तो सापडत नाही, आणि उतरवून घ्यायचा तर इंटरनेट लागतं.

आता रात्री फिल्टरमध्ये चिकोरी मिसळलेली कॉफी पावडर भरतो, वरून गरम पाणी. सकाळी खाली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, तयार. धुवायला तांब्याभर पाणी पुरतं, चोथा तुळशीला. मशीनवर डेबियन नावाचं लिनक्स आहे. नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, मधे कटकट नाही. विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, बिघडलं तर घरी कोण बघणार? कुणीच नाही म्हणाला, तर आहे ते ठेवा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यानंतर औश्याकडचे एक निवृत्त गुरुजी जुना लॅपटॉप घेऊन आले. विंडोज ११ त्यावर बसत नव्हतं, म्हणून लिनक्स मिंट टाकून दिलं. आठ दिवसांनी परत दारात.

"काय झालं गुरुजी, अडलं का कुठं?"

"अडलं नाही वो. तुम्ही खरंच काही बदललंय का, तेवढं विचारायला आलो."

मी खूश होऊन त्यांच्यापुढं फिल्टर कॉफी ठेवली. गुरुजींनी एक घोट घेतला, कप हळूच बाजूला सारला आणि विचारलं, "चहा मिळतो का हो इथं जवळ?"