बोट तुटलं तरी हजेरी फुल

हिंगणा एमआयडीसीत पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मी इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स बघतो. मागच्या आठवड्यात सेकंड शिफ्टला पॉवर प्रेसवर एका पोट्ट्याच्या मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं. त्याला दवाखान्यात नेलं आणि मी पॅनल उघडलं. प्रेसच्या तोंडाशी लाइट कर्टन असतो, हात आत गेला की किरण तुटून रॅम, म्हणजे पत्र्यावर वरून आदळणारा भाग, तिथल्या तिथे थांबायला पाहिजे. थांबला नाही, कारण कर्टनच्या सिग्नलवर प्रेस थांबवणारा सेफ्टी रिले वायर जोडून बायपास केलेला. वायरचे दोन तुकडे, टोकाला व्यवस्थित धातूचे लग मारलेले, म्हणजे करणारा नवशिका नाही, आमच्यातलाच कोणीतरी. वरून दोन हातांच्या बटणांपैकी एक टेपने दाबून ठेवलेलं, आणि ते ओळखणारी सर्किट या जुन्या प्रेसला नाहीच. एका हाताने स्ट्रोक, दुसऱ्याने पत्रा.

कारण सगळ्यांना माहीत आहे. कर्टनच्या लेन्सवर तेल बसतं, सेन्सर उगाच ट्रिप होतो, शिफ्टच्या पीसचा काउंट पडतो, आणि ठेकेदाराला पैसे पीसवर. लेन्स पुसायला प्रेस बंद करू देत नाहीत, नवीन सेन्सरची रिक्विझिशन दिवाळीपासून पर्चेसमध्ये सडून रायली.

दोन दिवसांत पाहतो तर पोट्टा हाताला पट्टी बांधून एचआरच्या केबिनमध्ये! ठेकेदाराची गाडी घरून आणते, पंच करवते, दिवसभर मोबाईल बघत बसवते. जखमी कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावं लागतं, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासूनचा नियम. हा तर 'ड्युटीवर' आहे, त्यामुळे गेटवरचा अपघातमुक्त दिवसांचा बोर्ड चालूच. एचआरवाल्यांचं डोकं इथे बरोबर चालतं.

मी त्याला म्हटलं, बाबू, ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, अपघात नोंदव, बरा होईपर्यंत घरी बसून पगाराच्या ९० टक्के मिळतात, आणि बोट कायमचं गेलं म्हणून मेडिकल बोर्ड ठरवेल त्या हिशोबाने पुढे पैसे मिळतील ते वेगळे.

"भाऊ, ठेकेदार फुल हजेरी देऊन रायला ना. तुम्ही काहून लफडं करता? मंग तो मले कामावर घेईन का?"

९० पेक्षा १०० जास्त, हे त्याचं गणित चुकीचं कसं म्हणू?

मी बायपास काढला, टेप काढली, लेन्स पुसली. काउंट पडला. आता मेन्टेनन्समुळे प्रॉडक्शन का कमी झालं याचं लेखी उत्तर मागितलंय. उत्तरासोबत वायरच्या तुकड्यांचा फोटो जोडतोय.