ऊडनाडॅटा ट्रॅक: मरी ते मार्ला, झऱ्यांच्या वाटेनं

दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऊडनाडॅटा ट्रॅक म्हणजे मरी ते मार्ला असा साधारण ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. सिम्पसन वाळवंटाकडे किंवा उलुरूकडे जाणारे बरेच जण तो एका दमात उरकून टाकतात. आम्ही नवरा-बायको मुद्दाम रेंगाळत गेलो. तुम्हीही तसंच जा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. हा रस्ता नेमका इथूनच का गेला, ते थांबत थांबत गेल्याशिवाय कळत नाही.

कारण आहे पाणी. देशाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भूभागाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिनचं पाणी साठलेलं आहे. इथे, त्याच्या काठाशी, ते दाबानं वर येतं आणि झऱ्यांची माळच लागते. या मुलखातल्या मूळ रहिवाशांच्या वाटा झऱ्या-झऱ्यांवरून जात. १८७२ मध्ये पूर्ण झालेली तारायंत्राची लाईन त्याच मार्गानं गेली आणि वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून जुनी घान रेल्वेही. ती १९८० मध्ये बंद झाली. आता ओस स्टेशनं आणि पूल तेवढे उरलेत.

मरी हे उंटवाल्यांचं गाव. १८६६ मध्ये कराचीहून उंट आणि उंटवाले जहाजानं पोर्ट ऑगस्टाला आणले गेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती! बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण अशा सगळ्यांना इथे सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं. गावात त्यांच्या छोट्याशा मशिदीची प्रतिकृती आहे. तिच्यासमोरून माझा पाय निघेना.

पुढे कुत्र्यांचं कुंपण लागतं, डिंगो नावाच्या जंगली कुत्र्यांना मेंढ्यांपासून दूर ठेवणारं, हजारो किलोमीटर लांब. मग रस्त्यालगत लेक एअर साऊथ या खाऱ्या तळ्याचा पांढरा पसारा दिसतो. कटी थंडा हे तळ्याचं नाव इथल्या मूळ रहिवाशांचं, अरबाना लोकांचं. त्यांच्यासाठी ते पवित्र आहे, तेव्हा काठावरूनच बघा, पात्रात पाऊल टाकू नका.

वाब्मा कडार्बू पार्कातल्या ‘बबलर’ या झऱ्याला निदान तासभर द्या. लाकडी कठड्याला टेकून बघत राहायचं. नितळ डोह, तळाशी राखाडी वाळू निपचित पडलेली. मग मधूनच ती फुगून वर येते, मंद आचेवरच्या खिरीसारखी, वाळूची कडी फिरत फिरत पसरतात आणि विरतात. काठाला हिरवेगार लव्हाळे आणि दोन पावलांवर मिठाचा कोरडा थर. नवरा म्हणाला, “चल, उशीर होतोय,” आणि स्वतःच पुन्हा खाली वाकून बघत बसला.

मुक्कामाला जवळच कॉवर्ड स्प्रिंग्स उत्तम. खजुराची झाडं आहेत, झऱ्याच्या पाण्याचं कुंड आहे. पिण्याचं पाणी मात्र आपलं आपणच न्यायचं. माणशी दिवसाला निदान ७ ते १० लिटर धरा, आणि ते एकाच टाकीत भरू नका. जेवणाला भाजणी आणि मेतकूट-तांदूळ न्या. धुणं-भांडी कमी लागतात, पाणी वाचतं.

डिझेल मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडॅटा आणि मार्ला इथेच मिळतं. दोन ठिकाणांत जवळपास २०० किलोमीटर अंतर आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणी टाकी भरायचीच. डांबरी संपली की टायरची हवा कमी करा. आमच्या गाडीला २८ पीएसआय मानवली. कॉम्प्रेसर आणि दोन स्पेअर टायर हवेतच, इथले दगड धारदार आहेत. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, तेव्हा सॅटेलाइट फोन किंवा पीएलबी (संकटात आपली जागा कळवणारं छोटं यंत्र) न्या आणि यूएचएफ रेडिओ चॅनल ४० वर ठेवा. समोरून रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक, आली तर वेग कमी करून डावीकडे थांबा आणि धूळ बसल्यावरच निघा. संध्याकाळनंतर गाडी चालवू नका, कांगारू आणि गुरं रस्त्यावर येतात. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघायचं नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. लांबून माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

मे ते ऑगस्ट हेच दिवस बरे. ऊडनाडॅटात २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलंय, त्यामुळे उन्हाळ्याचा विचारही करू नका. हिवाळ्यात मात्र रात्री गारठवतात, जाड स्लीपिंग बॅग घ्या. पाऊस पडला की रस्ता बंद होतो. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड बसतो आणि चिखलात पडलेल्या खोल चाकोऱ्यांचा त्रास मागून येणाऱ्यांना होतो. निघायच्या दिवशी सकाळी सरकारनं जाहीर केलेली रस्त्याची स्थिती बघा.

ऊडनाडॅटाच्या अलीकडे अल्जेबकिना पूल आहे, नील्स नदीवरचा ५७८ मीटरचा रेल्वेपूल. खालच्या डोहाकाठी तंबू टाका, पण पाण्याला अगदी खेटून नको, पक्ष्यांना आणि गुरांना तिथे यायचं असतं. पार्कांच्या हद्दीत सरपण गोळा करायला बंदी आहे, म्हणून गॅसची शेगडी सोबत असू द्या.

मार्लाला स्टुअर्ट हायवेची डांबरी लागली की आधी टायर पुन्हा भरा, चाकांचे नट तपासा आणि एअर फिल्टर झटका. आमच्या फिल्टरमधून मूठभर लाल माती निघाली.