बाईंच्या डबीतले धने

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठव, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे आली ती जीवशास्त्राच्या बाईंची पितळी डबी. बाईंचं नाव लिहीत नाही. आमच्या वेळच्या कुणालाही नुसतं 'बाई' म्हटलं तरी पुरे.

आठवीत होतो. थंडीचे दिवस, इंदूरच्या राजवाड्याकडे जाताना हातगाड्यांवर गाजरांचे ढीग. बाईंनी प्रत्येकीच्या तळहातावर एकेक धना ठेवला. "दाबू नका गं, नखानं हलकेच उघडा." धना दुभंगला की त्याचे दोन सारखे भाग होतात, पाठीवर बारीक उभ्या रेघा. मग जिरं, बडीशेप, ओवा, शेवटी गाजराचं बी. सगळ्यांत तीच जोडी. "फळ ओळखता आलं की घराणं कळतं. पान-फूल नसलं तरी चालतं," बाई म्हणाल्या.

माझे तीन धने चुरडले. घंटा झाली, मुली डबे घेऊन पळाल्या, मी रडकुंडीला आले. बाई थांबल्या. चौथा उघडला तेव्हाच त्यांनी डबीचं झाकण लावलं.

आज जबलपूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, ते त्या चौथ्या धन्यामुळेच. पोर्तुगालच्या मादेरा बेटावरच्या गाळात सापडलेल्या अश्मीभूत फळांवरचा २०१९ चा शोधनिबंध वाचला, तेव्हा फोटो पाहताच बाईंचा तळहात आठवला. ती फळं १३ लाख वर्षांपूर्वीची, आणि घराणं आपल्या गाजराचंच! या घराण्यातली एक वनस्पती आजही त्या बेटावर आहे, मूळची तिथलीच. लाकडी खोड, शेंड्याला पानांचा झुपका, लांबून छोटा ताडच वाटावा. एरवी गाजर म्हणजे हिरवं, मऊ देठाचं रोप. मोठ्या झाडांची स्पर्धा नसलेल्या बेटावर अशी रोपं उंच होत होत झाडं बनत असतील, असं डार्विननं १८५९ मध्येच सुचवलं होतं. आजच्या रोपांच्या जनुकांवरून नातं कळतं. पण ती मंडळी त्या बेटावर निदान इतकी जुनी आहेत, हे तिथल्याच गाळातलं फळ सांगतं.

दर डिसेंबरात मी मुलांना डिंडोरी जिल्ह्यातल्या घुघव्याला नेते. तिथे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ताडांची खोडं दगड होऊन पडली आहेत. ज्या लाव्हाच्या काळ्या दगडावर आपलं इंदूर वसलंय, त्याच काळातली. तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता, समुद्रातून उत्तरेकडे सरकणारं एक मोठं बेटच होता. हेही मला बाईंशी बोलायचं होतं. राहून गेलं.

गेल्या वर्षी शाळेत आले होते. प्रयोगशाळेच्या जागी संगणककक्ष झालाय, तो दगडी ओटा काढलाय. मुलांना संगणक हवेतच, पण ओटा ठेवायला हवा होता.

बाईंची ती पितळी डबी कुणाकडे असेल तर कृपया कळवा. मी स्वतः इंदूरला येऊन घेऊन जाईन.