जळके दाणे, भाग दुसरा: आफ्रिकेहून आलेली मंडळी

मागच्या नोंदीत गहू, जव, मसूर आणि वाटाणा ही पश्चिम आशियातली चौकडी जाळून, मोजून, डब्यांत भरून झाली. ह्या खेपेला आफ्रिकेचा कप्पा घेतला: ज्वारी, बाजरी, नाचणी, चवळी, पावटा. चार जमले, पावटा अडून बसलाय. त्याचं रडगाणं शेवटी.

ज्यांनी नव्यानं हा नाद लावून घेतलाय त्यांच्यासाठी दोन वाक्यं. उत्खननात धान्य सापडतं ते बहुधा जळालेलं. दाण्याचा कोळसा झाला की त्याला कीड लागत नाही, तो कुजत नाही, आणि तीन-चार हजार वर्षं मातीत पडून राहतो. चुलीजवळची राखमाती पाण्यात ढवळली की माती खाली बसते, कोळसा वर तरंगतो; तो बारीक चाळणीवर धरायचा. मग चाळणीवरचा तो काळा ठिपका नेमका कशाचा हे ठरवायला आजचा दाणा तसाच जाळून शेजारी ठेवावा लागतो. आपला सगळा खटाटोप तेवढ्यासाठी. तेलबिया मात्र ह्या हिशेबात कायम मार खातात. तीळ, जवस तापले की फुटतात, तेलानं चिकटून एकच गोळा होतो. म्हणून एखाद्या गावात तीळ सापडले नाहीत ह्याचा अर्थ तिथं तीळ नव्हते असा कधीच काढू नये.

पद्धत मागचीच. झाकणाचा पत्र्याचा डबा, चाळलेली कोरडी वाळू, वाळूच्या पोटात दाणे, खाली कोळशाची शेगडी, आणि २३० ते २५० अंशांच्या आसपास सावकाश. हवा आत शिरता कामा नये, नाहीतर कोळशाऐवजी राख हाती येते. आमच्या आईला हा प्रकार अजून पटलेला नाही. "भाजून खायचं सोडून अन्न जाळत बसलायस," हे दर खेपेला ऐकून घ्यावं लागतं.

ज्वारी

मालदांडी मंगळवेढ्याच्या मावसभावाकडून आली, कणसासकट. ज्वारीला आच भरभर दिली तर डब्यात नागपंचमी होते, सगळ्या लाह्या. दाणे आधी चांगले उन्हात वाळवून आच अगदी मंद ठेवली की दाणा शाबूत राहतो. जळाल्यावर तो लांबीला आखडतो आणि गोल होतो. अंकुराचा भाग बऱ्याचदा गळून पडतो, त्या जागी दाण्याच्या जवळपास अर्ध्या लांबीची खोबण दिसते. ओळखीला ही खोबण पुरते.

खरी गंमत दाण्यात नाही, तुसात आहे. सुदानच्या पूर्वेला, इरिट्रियाच्या सीमेजवळ कसाला नावाचं शहर आहे. त्या भागात १९८०च्या दशकात एक जुनी वस्ती खणली होती. तिथल्या खापरांत कुंभारानं माती मळताना मिसळलेल्या तुसाचे ठसे राहिलेले. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्या ठशांत सिलिकॉन ओतून साचे काढले, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितले, आणि २०१७ साली जाहीर झालं की ही माणसानं वळण लावलेली ज्वारी आहे, इ.स.पू. चौथ्या सहस्रकातली. त्याआधी अशी पंचाईत होती की पिकवलेल्या ज्वारीचे जुने पुरावे भारतात आणि तिच्या जन्मभूमीत मात्र काहीच नाही.

हे घरी करून बघायचंच होतं. कुंडीच्या मातीत तूस मळलं, वीटभर जाडीच्या फरशा थापल्या, वाळवल्या, एका कुंभाराच्या भट्टीत कडेला ठेवून भाजून आणल्या. मग दातांच्या कवळीचं माप घ्यायला जी पुट्टी वापरतात ती ठशांत दाबली. (दातांच्या सामानाच्या दुकानात मिळते, स्वस्त नाही.) साचा निघाला तो इतका स्वच्छ की तुसावरचे केससुद्धा मोजावेत. बघायचं असतं ते तुसाच्या बुडाशी. रानज्वारी पिकली की कणीस आपण होऊन झडतं, त्यामुळं तिच्या बुडाशी गुळगुळीत वण असतो. माणसानं लावलेली झडत नाही, ती झोडपावी लागते, म्हणून बुडाशी फाटकी, ओबडधोबड काडी लटकत राहते. कसालाच्या खापरांत दोन्ही तऱ्हा एकत्र सापडल्या, म्हणजे बदल अजून अर्ध्या वाटेवर होता.

मालदांडीचं तूस ह्या कामाला गैरसोयीचं ठरलं. झोडपली की दाणा टपकन सुटतो आणि तूस कणसालाच चिकटून राहतं. ती दुर्रा वंशातली. घट्ट कणीस, टपोरा दाणा, सोपी मळणी. १९७२ साली जॅक हार्लन आणि डी वेट ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ज्वारीचे पाच वंश पाडले, त्यातला सगळ्यात जुन्या घडणीचा बायकलर. त्यात तूस दाण्याला घट्ट मिठी मारून असतं. कसालाची ज्वारी त्याच जातकुळीतली, आणि भारतात पहिल्यांदा उतरली तीही तसलीच असणार. मग चाऱ्याच्या बियाण्याच्या दुकानातून सुदान गवत आणलं. ते ज्वारीचंच भावंड, दाणा तुसात झाकलेला. त्याचे ठसे छान उठले. दुर्रा वंश भारतातच घडला आणि उलटा आफ्रिकेत गेला, असं हार्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मत होतं. मला ते पटतं. नाईलकाठच्या नूबियात दुर्रा दिसते ती इसवी सनाच्या अलीकडे.

येणं वेगळं, रुजणं वेगळं

इथं जरा थांबतो, कारण ह्या कप्प्यावर काम करताना डोक्यात हेच घोळत होतं. आपल्याकडं ही पिकं आफ्रिकेतून "आली" असं एका दमात सांगतात, जणू बोट लागलं, पोती उतरली आणि दुसऱ्या दिवशी भाकरी सुरू.

इ.स.पू. २०००च्या पुढेमागे ही धान्यं भारतात दिसू लागतात. ती सिंधूच्या मोठ्या नगरांच्या भरभराटीत नाही, तर नगरं मोडकळीला आल्यावर. वाटेत इराक-इजिप्तच्या जुन्या कोठारांत त्यांचा मागमूस नाही. म्हणून आज बहुतेक अभ्यासक अरबस्तानच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं, छोट्या होड्यांतून, कोळी-गुराख्यांच्या हातून ती सरकत आली असं मानतात. आपली वशिंडाची गुरं त्याच सुमाराला उलट दिशेनं गेली. ह्यात राजा नाही, व्यापारी तांडा नाही. शिधा म्हणून सोबत घेतलेल्या धान्यातलं उरलेलं कुणीतरी पेरून पाहिलं असणार.

आणि पेरल्यावर? घोड नदीकाठच्या इनामगावचं उदाहरण घ्या. शिरूर तालुक्यातलं हे गाव डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खणलं. हे खणणारे पुरातत्त्वज्ञ म्हणजे सांकलिया, ढवळीकर, अन्सारी. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० ह्या काळातली. तिथल्या कणगीत मुख्य धान्य कोणतं? जव. पश्चिम आशियातलं, हिवाळी पावसावर वाढणारं पीक, आणि ते दख्खनमध्ये, जिथं हिवाळ्यात थेंब पडत नाही! त्यासाठी तिथल्या लोकांनी पुराचं पाणी वळवायला पाट आणि बांध घातला होता. एवढा आटापिटा जवासाठी. खाली कर्नाटकात, संगनकल्लूच्या बाजूला, त्याच्याही आधीपासून लोक पावसाळी देशी तृणधान्यं, मूग आणि हुलगा ह्यांवर जगत होते. दोन्हीकडं पोटापाण्याची सोय लागलेली होती. आफ्रिकेची मंडळी त्यांच्या शेतात शिरली ती बांधाच्या कडेला, चार ओळींची. त्या काळच्या वस्त्यांत ह्यांचे दाणे निघतात ते मूठमूठ, देशी धान्यांपुढं नगण्य. ज्वारीची भाकरी हे आपलं मूळचं अन्न, असं म्हणायला किती पिढ्या जाव्या लागल्या असतील, करा कल्पना.

ज्वारी शेवटी जिंकली ते कशामुळं, ह्यावर माझा अंदाज साधा आहे. कसाला साडेपंधरा अंश उत्तरेला, मंगळवेढा साडेसतरा. दिवस-रात्रीचं मान जवळपास सारखं. ज्वारी दिवस लहान होऊ लागल्यावर निसवते, तेव्हा तिला इथं काही नवीन शिकावंच लागलं नाही. शिवाय काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की वरून पाऊस न पडताही जमिनीतल्या ओलीवर ती हुरड्यापर्यंत येते. मावसभाऊ म्हणतो, "दादा, तिला फक्त रान काळं आन् थंडी पडाया पायजे." जवाला जो पाट लागायचा तो हिला लागला नाही. पावसाळी पाहुणीनं रब्बीची जागा धरली.

बाजरी

हिच्यावर फार लिहिण्यासारखं नाही, शहाण्यासारखी जळते. दाणा एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला फुगीर, आणि जळल्यावरही आकार सोडत नाही. जन्म पश्चिम आफ्रिकेतला, मालीच्या टिलेमसी खोऱ्यात. तिथंही खापरात मिसळलेलं तूसच कामी आलं, इ.स.पू. २५००च्या सुमाराचं. ठशात बुडाशी केसांचा झुबका आणि त्याला छोटा देठ दिसला की बाजरी समजावी. माझ्या फरशीवर तो देठ भिंगातून सहज दिसतो.

नाचणी

ह्या नोंदीतला बराच वेळ हिनं खाल्ला, आणि खावाच. भारतातल्या जुन्या अहवालांत नाचणी फार ठिकाणी "सापडली" आहे. मग जुन्या धान्यांचे अभ्यासक डोरियन फुलर ह्यांनी ते दाणे आणि त्यांची छायाचित्रं पुन्हा तपासली तेव्हा त्यातली बरीच नाचणी निघालीच नाही. राळा आणि त्याच्या कुळातली देशी तृणधान्यं होती ती. म्हणजे आफ्रिकेचं म्हणून ज्याची नोंद झाली ते इथलंच होतं.

असं का होतं हे जाळल्यावर कळतं. नाचणी, राळा, वरई, सावा सगळे शेजारी शेजारी ठेवले. सगळे मिलीमीटर-दीड मिलीमीटरचे काळे गोळे. मी यूएसबी मायक्रोस्कोप लावून, बाजूनं टॉर्च तिरका धरून बघतो. प्रकाश सरळ वरून पडला की काही म्हणजे काही दिसत नाही. राळ्याला तुसाच्या आतल्या दाण्यावर अंकुराची लांब खाच असते, दाण्याच्या दोन-तृतीयांशापर्यंत चढलेली. सावाची तर त्याहून लांब. वरईची अर्ध्याच्या आतबाहेर. नाचणीची खाच आखूड, आणि मुख्य म्हणजे कातडी: अख्ख्या पाठीवर बारीक बारीक पुटकुळ्यांच्या रांगा. ती पाठ एकदा बघितली की पुन्हा चुकायला होत नाही.

अडचण अशी की राळ्याच्या तुसावरही खरखरीत रवाळपणा असतो. तूस अर्धवट जळून दाण्याला चिकटलं की त्याची पाठ नाचणीसारखी भासते. फसगत बहुधा इथंच होत असणार. म्हणून माझा नियम: पाठ बघून निर्णय नाही, दाणा उलटा करून खाच बघायची, आणि खाच दिसत नसेल तर डब्यावर "बारीक तृणधान्य" एवढंच लिहायचं. कोकणातली लाल नाचणी आणि नाशिककडची अशा दोन्ही जाळल्या. पुटकुळ्यांत फरक नाही. कुंपणाकडेला उगवणारं रान नाचणीचं गवतही जाळलंय, त्याच्या बियांवर पुटकुळ्यांऐवजी आडव्या सुरकुत्या आहेत.

चवळी आणि पावटा

चवळीचा जुना पुरावा घानातल्या किंटाम्पो संस्कृतीचा, इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातला. त्याच सहस्रकात ती भारतातही पोचली. हातभर लांब शेंगांची चवळी हे मात्र आशियातल्या माळ्यांचं काम.

कडधान्यं जळाली की साल उडते, दाणा दुभंगतो आणि डोळा सालीबरोबर जातो. हाती उरते नुसती डाळ. तेव्हा डाळीच्या आतल्या बाजूला कोंबाचा ठसा बघायचा. मुगाचा कोंब उडदाच्या कोंबापेक्षा लांब, हे मागं आपण पाहिलंय. चवळीची डाळ मुळातच मोठी आणि मूत्रपिंडाच्या आकाराची, त्यामुळं मूग-उडदात ती मिसळत नाही. छोट्या दाण्याच्या गावठी चवळीचं मात्र तसं नाही. मोठ्या उडदाशेजारी ठेवली तर मी शपथेवर सांगणार नाही.

पावट्याची खूण म्हणजे कडेनं धावणारी पांढरी उंच पट्टी. ती जळताना सगळ्यात आधी सुटते. शिवाय दाण्यात वाफ कोंडून तो असा फुटतो की डाळीचेही तुकडे. आच दोनशे अंशांपर्यंत खाली आणून वेळ वाढवून बघतोय. पट्टी अर्ध्या दाण्यांवर तरी टिकायला लागलीय, पण आतून दाणा पुरता काळा होत नाही, तपकिरीच राहतो. पुरता कोळसा झाला नाही तर तुलनेला काय उपयोग? पुढच्या खेपेला टपोरा पावटा सोडून बारीक कडवे वाल घेणार आहे. अलिबागकडच्या कुणाकडं घरचं बियाणं असेल तर मूठभर पुरे, बदल्यात मालदांडीचं कणीस देतो. त्यानंतर इथून बाहेर गेलेल्यांचा कप्पा उघडायचा: थायलंडच्या खाओ साम काएओला पोचलेले मूग आणि हुलगा, आणि लाल समुद्राकाठच्या बेरेनिके बंदरात एका भारतीय रांजणात सापडलेली साडेसात किलो मिरी. मिरी जाळायची तर घरातल्या सगळ्यांना आधी बाहेर पाठवावं लागेल.