नाकाजिमाची ॲडलेडची शर्यत आणि आमचा ओला पट्टा

नव्या चाचणी-चालकांच्या बॅचचा ओल्या पट्ट्यावरचा सराव त्या दिवशी सकाळीच थांबवावा लागला. मागच्या चाकांवर चालणारी गाडी होती. वळणाआधी एकाने तिसऱ्यावरून दुसरा टाकला, क्लच झटक्यात सोडला आणि मागची चाकं अडकून गाडी पुरती गरकन फिरली. कुणाला काही लागलं नाही. पण लगेच प्रश्न आला, "सर, एबीएस होतं ना?" होतं. एबीएस ब्रेकचा दाब सोडतं. इंजिनाने धरून ठेवलेलं चाक ते सोडवत नाही.

पुढचे दोन तास मी त्यांना जपानी फॉर्म्युला वन चालक सातोरु नाकाजिमाच्या एकाच शर्यतीवर बसवलं. ऑस्ट्रेलियन ग्रांप्री, ॲडलेड, 5 नोव्हेंबर 1989.

नाकाजिमा 1953 सालचा, ओकाझाकीचा. जपानी फॉर्म्युला टूचं अजिंक्यपद त्याने पाच वेळा मिळवलं आणि 1987 मध्ये, वयाच्या 34व्या वर्षी, लोटस संघातून फॉर्म्युला वनमध्ये आला. संघात जोडीला ब्राझीलचा आयर्टन सेन्ना. होंडाच्या इंजिनाबरोबर जागा मिळाली असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला पहिल्या चारही गाड्या होंडाच्या इंजिनाच्या होत्या आणि चौथा नाकाजिमा होता, हे मात्र कुणी फारसं आठवत नाही. 1989 पर्यंत लोटसकडचं होंडा गेलं, जडचं व्ही-8 इंजिन आलं. त्या वर्षी बेल्जियमला संघाच्या दोन्ही गाड्या पात्रताफेरीतच बाद झाल्या. ॲडलेडला येईपर्यंत मोसमात नाकाजिमाच्या खात्यात एकही गुण नव्हता. शर्यतीत तो 23वा सुटला आणि पहिल्याच फेरीत गाडी फिरून सगळ्यांच्या मागे पडला.

तिथून तो चौथा आला. वर शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच: 64व्या फेरीत 1 मिनिट 38.480 सेकंद.

कोरड्यात सेन्नाची पोल, म्हणजे पात्रताफेरीतली सर्वांत वेगवान फेरी, 1:16.665 ची होती. म्हणजे पावसात सगळ्यांत वेगवान माणूसही जवळपास 22 सेकंद हळू होता. 3.78 किलोमीटरच्या ट्रॅकवर सरासरी ताशी 138. मुलांना हाच आकडा पचत नव्हता, म्हणून फळ्यावर हिशेब मांडला. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा ढोबळ वेग म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआय या एककात) वर्गमूळ गुणिले 10.35, ताशी मैलांत. 32 पीएसआयला ताशी 94 किलोमीटर, 20 पीएसआयला 74. हे सूत्र टायरवरच्या खाचा पाणी काढू शकत नाहीत तेव्हाचं. चांगल्या खाचा ही मर्यादा वर नेतात, रुंद टायर ती खाली आणतो. ॲडलेडच्या लांब सरळ पट्ट्यावर तर गाड्या याच्या कितीतरी वर होत्या. तिथे पुढच्या गाडीच्या फवाऱ्यात काही न दिसल्याने सेन्ना मार्टिन ब्रंडलच्या ब्रॅबहॅम गाडीवर जाऊन आदळला.

मग गाडीकडे वळलो. मुसळधार पावसात गाडी जरा उंच करतात, नाहीतर तळ पाण्यावर टेकतो आणि चाकांवरचा भारच जातो. वळणात गाडी कलू न देणारे अँटी-रोल बार मऊ किंवा सुटे, गाडीला खाली दाबणारे पंख जास्त तिरके. वजन पुढे कमी झुकतं, म्हणून ब्रेकच्या जोराचा वाटा थोडा मागच्या चाकांकडे. कार्बन डिस्क थंड पडल्या की धरत नाहीत, म्हणून हवेच्या वाटा टेपने अर्ध्या बुजवतात. वळणात कोरड्यातली ओळ सोडायची: तिथलं रबर ओलं झालं की साबणासारखं होतं. ॲडलेड तर शहरी रस्त्यांवरचा ट्रॅक. तिथे रंगवलेले पट्टे, म्हणजे आणखी निसरडं.

यातलं बरंच सगळ्यांनीच केलं असणार. उरतं ते पाय आणि हात. लोटसला तेव्हा हाताचा गिअर होता: खाली येताना टाचेने ॲक्सिलरेटरला टिचकी देऊन इंजिनाचे फेरे चाकांशी जुळवायचे, नाहीतर सकाळी आमच्याकडे झालं तेच. हे 70 फेऱ्या, प्रत्येक वळणावर. नाकाजिमा आयुष्यभर जपानच्या ट्रॅकवर शर्यती धावून आणि फॉर्म्युला वनमध्ये उशिरा येऊन हे शिकला होता. माझ्या मते तरुण, वेगवान पोरांपेक्षा तो त्या दिवशी वरचढ ठरला तो इथेच. दोन तासांची मर्यादा संपल्यामुळे शर्यत 81 ऐवजी 70 फेऱ्यांवर थांबली, तेव्हा तिसऱ्या पट्रेसेच्या मागे तो पाच सेकंदांच्या आत होता. आठच गाड्या शेवटपर्यंत टिकल्या.

कुणीतरी विचारलं, आता कुठे असतो? त्याचा स्वतःचा संघ आहे. 2018 मध्ये टीसीएस नाकाजिमा रेसिंगमधून आपला नारायण कार्तिकेयन सुपर फॉर्म्युलात धावला होता. मुलगा काझुकी पुढे ल मांची 24 तासांची शर्यत जिंकला.

दुपारी पट्ट्यावर परतताना एक गोष्ट मुद्दाम सांगितली. 1991 मध्ये नाकाजिमाची शेवटची शर्यत पुन्हा ॲडलेडलाच होती, पुन्हा पावसात. तेव्हा टिरेल संघात असलेला तो सुरुवातीच्याच फेऱ्यांत बाहेर गेला आणि शर्यत 14 फेऱ्यांवर निकालात काढली गेली. पाणी खाचांच्या आवाक्याबाहेर गेलं की टाचेची टिचकी कामाला येत नाही. म्हणून आमच्या पट्ट्यावर डबकी साचली की फवारे बंद होतात आणि कोण कितवा आहे हे न बघता सगळ्यांना आत बोलावलं जातं.